न केलेले पापनिवेदन

२१ एप्रिल २०१९ रोजी, प्रभूच्या पुनरुत्थानाच्या रविवारी, श्रीलंकेतील चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. कोलंबोतील कोचीकडे येथील संत अंतोनीचे तीर्थमंदिर, नेगोंबोजवळच्या कटुवापिटियाचे संत सेबास्टियनचे चर्च, बट्टिकलोआचे झायन चर्च ही नावे आपल्यापैकी बहुतेकांनी त्या दिवशी प्रथमच ऐकली. हॉटेलांतील स्फोट धरून २६० हून अधिक माणसे मारली गेली. पुढच्या रविवारी आपल्याकडे मेणबत्त्या लागल्या, मृतांसाठी मिस्सा अर्पण झाल्या, मूक फेऱ्या निघाल्या. ते उचितच होते. त्या फेरीत मीही चाललो आहे.

परंतु तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. त्याच श्रीलंकेत ९ जुलै १९९५ रोजी जाफन्याजवळच्या नवाली गावातील चर्चवर त्या देशाच्याच हवाई दलाने बॉम्ब टाकले. लढाईपासून जीव वाचवण्यासाठी लोक तेथे आश्रयाला आले होते. त्यांतील शंभराहून अधिक माणसे जागीच किंवा नंतर मेली. अवघ्या साडेपाच महिन्यांपूर्वी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबोला येऊन फादर जोसेफ वाज यांना धन्यवादित घोषित केले होते आणि आपल्या घराघरांत त्याचा आनंद झाला होता. नवालीसाठी आपण किती मेणबत्त्या लावल्या? तेही चर्चच होते, माणसेही मांडव्याखाली नव्हे, क्रुसाखालीच मेली. फरक इतकाच की तेथे मारणारा दहशतवादी नव्हता, सरकार होते. आणि मरणारे तामिळ होते.

हा फरक आपण मनातल्या मनात करतो, हे माझे पहिले म्हणणे आहे. दुसरे म्हणणे याहून कडू आहे, कारण ते शेजारच्या सरकाराविषयी नसून आपल्याविषयी आहे.

मी पनवेलजवळच्या नेरे गावी राहतो. आमचे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते शांतिवनामुळे, कुष्ठरोग्यांच्या वसाहतीमुळे. ज्यांना घरादाराने टाकले त्यांना येथे खाट मिळाली, मलमपट्टी मिळाली. आजाऱ्याची खाट ही वेदीइतकीच पवित्र असते, हे आम्हांला प्रवचनातून शिकावे लागले नाही. म्हणूनच जाफना रुग्णालयाची हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला आणि भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. तामिळ जनतेने प्रथम तिचे हारतुऱ्यांनी स्वागत केले. ऑक्टोबरात मात्र तामिळ वाघांशी तिचे युद्ध पेटले आणि जाफना शहरावर चढाई झाली. २१ ऑक्टोबरला तामिळांची दीपावली होती. त्या दिवशी सकाळपासून रुग्णालयाच्या आसपास तोफगोळे पडत होते. काही सशस्त्र वाघ रुग्णालयाच्या आवारात शिरले होते आणि डॉक्टरांनी त्यांना निघून जाण्याची विनवणी केली होती, हेही सांगितलेच पाहिजे. दुपारी चारच्या सुमारास भारतीय जवान आत आले आणि त्यांनी गोळीबार सुरू केला. क्ष-किरण विभागात आणि कार्यालयाच्या खोलीत दडलेल्या रुग्णांवर, परिचारिकांवर, कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, हातबॉम्ब टाकले गेले. जे वाचले ते प्रेतांमध्ये प्रेतासारखे निपचित पडून राहिले म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी बालरोगतज्ज्ञ डॉ. ए. शिवपादसुंदरम काही परिचारिकांना घेऊन, दोन्ही हात वर करून, आम्ही निरपराध डॉक्टर आणि परिचारिका आहोत असे ओरडत पुढे आले. त्यांनाही गोळी घातली गेली आणि ते मेले. त्या दोन दिवसांत रुग्णालयात ६० ते ७० माणसे मारली गेली. त्यांत २१ जण रुग्णालयाचे कर्मचारी होते.

ही वाघांनी रचलेली कथा नव्हे. जाफना विद्यापीठातील ज्या अध्यापकांनी ती साक्षीदारांकडून टिपून घेतली आणि ‘द ब्रोकन पामायरा’ या ग्रंथात मांडली, त्यांनी वाघांचे अत्याचारही तितक्याच परखडपणे नोंदवले होते. त्यांच्यातील डॉ. रजनी तिरणगम या शरीरशास्त्राच्या प्राध्यापिकेला त्याची किंमत द्यावी लागली. २१ सप्टेंबर १९८९ रोजी सायकलवरून घरी परतत असताना तिला गोळ्या घालून ठार करण्यात आले, आणि तो वार वाघांचाच होता, असे तिच्या सहकाऱ्यांनी सांगितले. आमच्या सेनेचे म्हणणे असे की रुग्णालयातून जवानांवर गोळीबार झाला आणि माणसे दोन्हींकडच्या माऱ्यात सापडली. तसे असेल तर उघड चौकशी व्हावयास हवी होती. हात वर केलेला डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणत्या माऱ्यात सापडला, एवढे तरी कोणी विचारावयास हवे होते. या प्रकरणी एकाही माणसावर खटला भरला गेला नाही.

गेल्या वर्षी, मृतांच्या स्मरणदिनाआधी, मी एका धर्मग्रामात अशी सूचना केली की श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत जाफना रुग्णालयातील मृतांसाठी एक ओळ असावी. फक्त एक ओळ. उत्तर तत्परतेने आले. एक सज्जन म्हणाले, “हे राजकारण झाले.” दुसरे म्हणाले, “आपल्या जवानांची बदनामी होईल.” तिसरे वयाने मोठे, मनाने चांगले, ते हळूच म्हणाले, “अहो, आधीच आपल्याकडे बोटे दाखवणारे थोडे आहेत का? कशाला उगाच?” या तीन उत्तरांशी माझे भांडण आहे. सर्वांत अधिक तिसऱ्याशी, कारण त्यात भीती आहे आणि ती भीती मला समजते.

प्रथम जवानांविषयी. जाफन्याच्या लढाईत महार रेजिमेंटची आठवी बटालियन होती, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही होते. म्हणजे आपल्याच गावांतली, आपल्याच भाषेत आईला पत्रे लिहिणारी मुले होती. रुग्णालयातील कृत्याचा आरोप मी कोणत्याही पलटणीवर करीत नाही. १२ ऑक्टोबरच्या पहाटे जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जवानांपैकी २९ मारले गेले. शांतिसेनेचे एकूण १,१०० हून अधिक जवान त्या बेटावरून परत आले नाहीत. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईत जन्मलेले, मुंबईत शिकलेले तामिळ गृहस्थ. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागूनही त्यांनी समोरच्याची बंदूक हिसकावून घेतली आणि ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मुंबईचा तामिळ अधिकारी, त्याच्या हाताखाली महाराष्ट्राचे जवान, आणि समोर तामिळच. या युद्धाची सारी शोकांतिका या एका प्रसंगात सामावली आहे. मेजर परमेश्वरन यांच्यासारख्यांचा सन्मान राखायचा असेल तर रुग्णालयात गोळ्या झाडणाऱ्यांना त्यांच्यापासून वेगळे काढावे लागेल. झाकून ठेवल्याने दोघेही एकाच पांघरुणाखाली जातात. मग बदनामी नेमकी कोण करतो?

राजकारणाविषयी. आमच्या पनवेल-उरण भागात सरकारी गोळी म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. नवी मुंबईसाठी सिडकोने जमिनी घेतल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मेले. त्यांना आम्ही हुतात्मे म्हणतो, त्यांच्या स्मारकावर फुले वाहतो. पोलिसांची बदनामी होईल म्हणून त्यांची नावे घेऊ नका, असे इकडे सांगण्याची कोणाची छाती होणार नाही. मेलेले आपले असले की ते हुतात्मे, आणि मेलेले तामिळ असले की ते राजकारण, हा न्याय कोणत्या शुभवर्तमानात लिहिला आहे?

योगायोग पाहा. १६ जानेवारी हाच संत जोसेफ वाज यांचा सण. गोव्यातील बाणावली येथे २१ एप्रिल १६५१ रोजी जन्मलेला हा कोकणी धर्मगुरू १६८७ मध्ये मजुराच्या वेषात सिलोनला गेला आणि प्रथम राहिला तो जाफन्याच्या तामिळांमध्ये. डच सत्तेने तेथे कॅथलिक धर्माला बंदी केली होती. तो तामिळ शिकला, सिंहली शिकला. कँडीच्या राजाने त्याला पोर्तुगीजांचा हेर समजून तुरुंगात टाकले. पुढे त्याच नगरीत देवीची साथ आली तेव्हा लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची त्याने शुश्रूषा केली. १६ जानेवारी १७११ रोजी तो कँडीलाच मेला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याला कोलंबोत संतपद दिले आणि त्याच दिवशी ते उत्तरेला मधूच्या माउलीच्या तीर्थस्थानी गेले, जेथे युद्धाने पोळलेली तामिळ आणि सिंहली कुटुंबे जमली होती. कोकणातून जाफन्याला गेलेल्या त्या माणसाची तसबीर आपण भिंतीवर लावतो. कोकणाच्याच देशातून तीनशे वर्षांनी जाफन्याला आणखी काय गेले, हे त्या तसबिरीखाली उभे राहून बोलायचे नाही काय?

आता वाघांविषयी, कारण हा आक्षेप प्रामाणिक आहे. तामिळ वाघ ही क्रूर संघटना होती. तिने लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्या, आपल्याच समाजातील विरोधकांना वेचून मारले, ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तरेतील हजारो मुसलमान कुटुंबांना घरे सोडायला लावली, आणि २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींचा बळी घेतला. १९८३ च्या जुलैमध्ये कोलंबोत तामिळांची घरेदारे जाळली गेली, वेलिकडे तुरुंगात ५३ तामिळ कैदी ठार झाले, त्यातून वाघांना बळ मिळाले, हे खरे. परंतु कारण सांगितल्याने पाप पुसले जात नाही, त्यांचेही नाही. मात्र वाघाच्या गुन्ह्याची शिक्षा खाटेवरच्या रुग्णाला देता येत नाही. दरोडेखोराच्या पापासाठी त्याच्या गावातल्या दाईला फाशी देणाऱ्या राजाला आपण न्यायी म्हणू काय?

वल्वेट्टितुरईचे नावही येथे घेतले पाहिजे. २ ऑगस्ट १९८९ रोजी त्या गावात वाघांच्या हल्ल्यात आपले जवान मेले. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत तेथे ५० हून अधिक नागरिक मारले गेले, कितीतरी घरे जाळली गेली. तेव्हा मुंबईच्या कामगारांचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस यांनी या कृत्याची तुलना अमेरिकन सैन्याने व्हिएतनाममध्ये केलेल्या माय लायच्या हत्याकांडाशी केली. मंगळूरच्या कॅथलिक घरात जन्मलेला आणि तरुणपणी सेमिनरीची पायरी चढून उतरलेला हा माणूस त्या वेळी आपल्या सर्वांच्या वतीने बोलला, असे मला वाटते. पुढे १९९८ पासून काही वर्षे तेच देशाचे संरक्षणमंत्री होते. फायली त्यांच्याच खात्यात होत्या. तरीही वल्वेट्टितुरईची उघड न्यायिक चौकशी झाली नाही. खुर्चीची ही शक्ती मोठी विलक्षण असते.

‘इतके जुने कशाला उकरायचे?’ असे विचारणाऱ्यांना मी २००९ सालाकडे बोट दाखवतो. त्या वर्षीच्या पहिल्या पाच महिन्यांत श्रीलंकेच्या सैन्याने वन्नी भागातील लाखो तामिळांना समुद्रकाठच्या चिंचोळ्या पट्टीत रेटीत नेले. सरकारनेच जाहीर केलेल्या ‘गोळीबारमुक्त’ क्षेत्रांत तोफगोळे पडले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांनी नेमलेल्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये अहवाल दिला. अखेरच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत नागरिक मेले असावेत, असे त्यांनी म्हटले. नागरिकांना ढालीसारखे वापरल्याचा, पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्याचा ठपका त्यांनी वाघांवरही ठेवला. आणि सरकारी सैन्याविषयी त्यांनी जे नोंदवले त्यात एक गोष्ट अशी की आघाडीवरच्या रुग्णालयांवर मारा झाला, काहींवर पुनःपुन्हा झाला, आणि ती रुग्णालये कोठे आहेत हे सरकारला ठाऊक होते.

पुन्हा रुग्णालयेच. अशा वेळी शेजारच्या मोठ्या देशाने उभे राहून थांबा म्हणावे, तर कोणत्या तोंडाने? २७ मे २००९ रोजी जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत श्रीलंका सरकारची पाठ थोपटणारा ठराव २९ मतांनी संमत झाला. त्या २९ मतांत भारताचे मत होते. राजनीतीची कारणे अनेक असतील, चीनचे भय असेल, तामिळ वाघांविषयीचा संताप असेल. पण मला त्या मतामागे जाफन्याचा तो क्ष-किरण विभागही दिसतो. ज्याने आपले पाप कबूल केलेले नाही, तो दुसऱ्याच्या पापाला पाप म्हणू शकत नाही. भारताने पुढे २०१२ आणि २०१३ मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या ठरावांना पाठिंबा दिला, मग २०१४, २०२१ आणि २०२२ मध्ये मतदानच टाळले. ही चाल सद्सद्विवेकबुद्धीची नव्हे, तराजूची आहे.

पापनिवेदन म्हणजे काय, हे इतर कोणाला नसेल, पण आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या आधीच ते मुलांना शिकवले जाते. प्रथम अंतःकरणाची तपासणी, मग पश्चात्ताप, मग तोंडाने उच्चार, मग भरपाई. उच्चार टाळून थेट क्षमेपर्यंत उडी मारता येत नाही. हा नियम एकट्या माणसापुरता आहे असे म्हणाल, तर १२ मार्च २००० हा दिवस आठवा. त्या दिवशी पोप दुसरे जॉन पॉल यांनी संत पेत्राच्या महामंदिरात, सर्व जगासमोर, ख्रिस्तसभेच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या अपराधांची परमेश्वराकडे क्षमा मागितली. पुष्कळ कार्डिनल त्या वेळी नाराज होते, शत्रूंच्या हाती कोलीत मिळेल असे म्हणत होते. ख्रिस्तसभा त्यामुळे लहान झाली काय? मग एखाद्या राष्ट्राने, एखाद्या सेनेने तसे केले तर ती लहान होईल, असे आपण कशावरून मानतो?

सत्य टाळण्याचा दाह श्रीलंकेच्या ख्रिस्तसभेलाही बसला आहे, आणि तो आपल्यासाठी धडा आहे. मन्नारचे बिशप रायप्पू जोसेफ यांनी जानेवारी २०११ मध्ये सरकारी आयोगापुढे सरकारचेच आकडे ठेवले: ऑक्टोबर २००८ मध्ये वन्नीत ४,२९,०५९ लोक, युद्धानंतर सरकारच्या ताब्यात आलेले २,८२,३८०. उरलेल्या १,४६,६७९ माणसांचे काय झाले? एवढाच त्यांचा प्रश्न. १ एप्रिल २०२१ रोजी ते प्रभूच्या घरी गेले, तोवर त्याचे समाधानकारक उत्तर त्यांना मिळाले नव्हते. कोलंबोचे कार्डिनल माल्कम रंजित यांनी मात्र २०१२ साली अमेरिकेच्या ठरावाला परकी हस्तक्षेप म्हणून विरोध केला होता. पुढे ईस्टरचे स्फोट झाले, स्वतःचेच सरकार सत्य दडपते आहे असे त्यांना दिसले, आणि मार्च २०२२ मध्ये त्याच जिनिव्हात उभे राहून त्यांना न्याय मागावा लागला. त्यांच्या दुःखाचा उपहास करण्याची माझी इच्छा नाही. आपल्या लोकांसाठी ते निर्भयपणे उभे राहिले. पण तामिळ मातांसाठी जो दरवाजा बंद असावा असे त्यांना वाटले होते, तोच त्यांना दहा वर्षांनी ठोठवावा लागला.

त्या मातांविषयी लिहिताना मला दुसऱ्या शमुवेलाच्या पुस्तकातील रिस्पा आठवते. राजा दाविदाने राज्याच्या हितासाठी तिची मुले शत्रूच्या हवाली केली आणि त्यांना डोंगरावर टांगण्यात आले. तिने खडकावर गोणपाट पसरले आणि हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत ती तेथे बसून राहिली. दिवसा पाखरांना आणि रात्री श्वापदांना तिने प्रेतांना शिवू दिले नाही. शेवटी राजालाच लाज वाटली आणि त्याने हाडे गोळा करून पुरली. मिस्सेतील वाचनांत हा उतारा आपल्या कानी पडत नाही, त्यामुळे पुष्कळांना तो ठाऊक नसतो. २० फेब्रुवारी २०१७ पासून किलिनोच्चीच्या रस्त्याकडेला तामिळ स्त्रिया अशाच बसल्या. हातात बेपत्ता मुलांचे, नवऱ्यांचे फोटो. त्यांतील कित्येक जणी वाट पाहता पाहता मेल्या. बेपत्तांच्या यादीत आपले धर्मगुरूही आहेत. फादर जिम ब्राऊन २० ऑगस्ट २००६ रोजी अल्लैपिट्टीजवळ नाहीसे झाले. फादर फ्रान्सिस जोसेफ १८ मे २००९ रोजी शरण आलेल्या लोकांसोबत सैन्याच्या स्वाधीन झाले, त्यानंतर ते दिसले नाहीत. त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांनी ऐकली आहेत?

आणि ती तिसरी भीती. ‘आधीच बोटे दाखवणारे थोडे आहेत का?’ होय, आहेत. आणि आपण गप्प बसलो म्हणून त्यांतले एकही बोट कमी झालेले मला या वयापर्यंत दिसले नाही. अल्पसंख्याकांनी सरकारच्या बंदुकीविषयी मौन पाळले की आपण सुरक्षित राहू, असा हिशेब कोलंबोच्या कॅथलिकांनीही केला होता. नवालीच्या मृतांना त्यांच्यापैकी बहुतेकांनी तेव्हा ‘उत्तरेकडचे’ म्हटले. आपण जाफन्याच्या मृतांना काय म्हणतो?

आपल्या धर्मप्रांतातील न्याय व शांती समितीने केंद्र सरकारकडे लेखी मागणी करावी की जाफना रुग्णालय आणि वल्वेट्टितुरई या दोन प्रकरणांची शांतिसेनेची कागदपत्रे खुली करावीत. शांतिसेनेच्या जवानांचे स्मारक श्रीलंका सरकारने कोलंबोजवळ उभारले आहे, आणि ते योग्यच आहे. आपल्या वकिलातीतील कोणी अधिकारी एखाद्या २१ ऑक्टोबरला जाफना रुग्णालयात जाऊन, तेथे लावलेल्या मृत डॉक्टर-परिचारिकांच्या छायाचित्रांपुढे दोन मिनिटे उभा राहिला तर त्याला खर्च फुलांचाच येईल. प्रार्थनेची ती एक ओळ मात्र कोणाच्या परवानगीवाचून म्हणता येते.

मृतांच्या स्मरणदिनी माझी ओळ घेतली गेली नाही, तेव्हा मी दुसरा मार्ग धरला. गेल्या आठवड्यात नेऱ्याहून पनवेलला गेलो आणि चर्चच्या कार्यालयात येत्या २१ ऑक्टोबरच्या सकाळच्या मिस्सेसाठी हेतू नोंदवला. वहीत मृतांच्या रकान्यात लिहिले, ‘जाफना रुग्णालयातील सर्व मृत, १९८७’. शेजारचा रकाना अर्पण करणाऱ्याच्या नात्याचा होता. कार्यालयातल्या बाईंनी विचारले, “तुमचे कोण लागतात?” मी थोडा थांबलो आणि ‘शेजारी’ असे लिहिले. त्यांनी ते वाचले, काही बोलल्या नाहीत, पावती फाडून दिली.